बोर्डावरून खोडलेली ओळ

डहाणूच्या कोर्टात वकिली करता करता मी वकील संघाचा सचिव झालो, कारण दुसरं कोणी व्हायला तयार नव्हतं. नवे कायदे आले की पुस्तिका मागवायच्या, ई-फायलिंगचा स्कॅनर बिघडला की दुरुस्तीवाला शोधायचा, सभासद वारला की शोकसभेचा ठराव लिहायचा. माणसं बदलत, ठराव तोच. मला या सगळ्याचा मनापासून वीट आला होता, आणि तशा अवस्थेतच मी फीचा बोर्ड लावला.

हेतू चांगला होता, हे अजूनही कोणाला तरी सांगावंसं वाटतं. कोर्टाच्या फाटकाशी दलाल बसत. कासा, गंजाडकडून जीपने आलेल्या माणसाला गाठून वाटेल तो आकडा सांगत. म्हणून संघाने ठरवलं की कोणत्या कामाची किती फी, हे बाररूमबाहेर रंगवूनच घ्यायचं. तीन सभा झाल्या. तलासरीकडच्या सभासदांना मजकूर गुजरातीतही हवा होता, ज्येष्ठांना संघाची शोभा राहील असे आकडे हवे होते. शेवटी जे आकडे ठरले, ते आमच्यापैकी कोणीच घेत नव्हता. पक्षकार समोर बसला, त्याच्या पायातली चप्पल दिसली, की आम्ही निम्म्यावर यायचो. बोर्डावरची फी बोर्डापुरती, हे वकिलांना कोणी सांगावं लागत नाही.

मसुद्याच्या तळाशी मी एक ओळ लिहिली होती. स्त्रियांना सरकारी खर्चाने वकील मिळतो, समोरच्या विधी सेवा समितीच्या खोलीत चौकशी करावी.

"ते समितीचं काम," एक ज्येष्ठ म्हणाले. "आपण कशाला जाहिरात करायची?"

वाद घालायचं त्राण नव्हतं. घरी जायला उशीर होत होता. मी ओळ खोडली आणि मसुदा पेंटरकडे पाठवला.

काही महिन्यांनी एका चिकूवाडीच्या मालकाने माझ्यामार्फत दावा लावला. रानशेतच्या एका विधवा बाईचं कुडाचं घर त्याच्या जागेत आहे, ते रिकामं करून मिळावं, एवढाच विषय. तारखेच्या सकाळी ती बाई बोर्डासमोर उभी दिसली. बोट लावून एकेक ओळ वाचत होती. वकिलाची वाट बघत असेल, असं वाटून मी चहाला गेलो.

अकरा वाजता शिपायाने तीनदा पुकारा केला. ती आलीच नाही. मी उठलो आणि म्हणालो, "प्रतिवादी गैरहजर. दावा एकतर्फी चालवावा." हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा म्हटलंय की म्हणताना डोकं दुसरीकडेच असतं. पुढे निकाल आमच्या बाजूने लागला आणि बेलीफ घर रिकामं करण्याचा हुकूम घेऊन रानशेतला गेला.

तेव्हा ती पुन्हा कोर्टात आली. कारकुनाने तिला समोरच्या खोलीत पाठवलं, आणि समितीच्या वकिलाने निकाल रद्द करण्याचा अर्ज केला. त्याची प्रत माझ्या हातात पडली. गैरहजेरीचं कारण असं होतं: वकिलाच्या फीचा बोर्ड वाचून, तेवढी ऐपत नसल्याने आणि वकिलाशिवाय आत उभं राहू देत नाहीत असं समजून, अर्जदार पुकाऱ्याआधीच घरी परत गेली.

मी ते दोनदा वाचलं. मला शरम वाटली, आणि त्याहून जास्त थकवा आला.

"सोडायचं नाय, साहेब," माझा पक्षकार म्हणाला. "कडक हरकत घ्या." मी हरकत टाइप करून घेतली.

सुनावणीला न्यायाधीशांनी अर्ज वाचून विचारलं, "कुठला बोर्ड?" बाकावरचे सगळे वकील आपापल्या फाइली चाळू लागले. मीही. मग ते माझ्याकडे वळले. "वादीचं म्हणणं काय?"

हरकतीचा कागद हातात होता. भांडायचं नसतं आणि कबूलही करायचं नसतं, तेव्हा वकील जे म्हणतात ते मी म्हणालो, "योग्य तो हुकूम व्हावा."

निकाल रद्द झाला. दावा पुन्हा पहिल्यापासून चालणार होता, निदान तोवर तिचं घर उभं राहणार होतं. पक्षकाराने तिथेच माझ्याकडून फाइल काढून घेतली. त्याचंही बरोबर होतं. त्याचा वकील म्हणून मी पुरता उभा राहिलो नव्हतो.

मी व्हरांड्यात आलो, तर ती बाई वाट अडवून उभी. हात जोडले.

"साहेब, तुम्ही आडवं बोलला नाय, म्हणून घर राहिलं. तुमची फी किती झाली?"

"मावशी, मी समोरच्याचा वकील होतो."

"ते माहीत आहे," ती म्हणाली. मग बोर्डाकडे वळली, आणि बोट लावून वरपासून एकेक ओळ शोधू लागली.