केसपेपरवरची तीन लेकरं

अल्लीपूरच्या शाळेत वर्ध्याहून डॉक्टरांची गाडी आली होती. बायकांची तपासणी होती. मला पांढरं जायचं, मधेच डागही दिसायचे, पण एकटीने जायची लाज वाटत होती, म्हणून धाकट्या जावेला ओढून नेलं. माझं वय बेचाळीस, तिचं सत्तावीस. तिला कसलाच त्रास नव्हता. महिन्याभराने 'पुढच्या तपासणीला या' असा निरोप आला तो मात्र दोघींना.

वर्ध्याच्या दवाखान्यात दोघींच्याही गर्भपिशवीच्या तोंडाचा बारीक तुकडा काढून तपासला. डॉक्टरबाई म्हणाल्या, कॅन्सर नाही; पण पेशी बिघडायला लागल्यात, तशाच ठेवल्या तर पुढे होऊ शकतो.

भरतीच्या दिवशी केसपेपर लिहिणाऱ्या नर्सने रांगेत सगळ्यांसमोर विचारलं, "लेकरं किती?" मागे वीसेक बायका, त्यांत दोघी आमच्याच गावच्या. जावेच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. ते तिला चारचौघींत सांगावं लागू नये म्हणून मीच बोलून टाकलं, "लिवा, दोघींलेही तीन-तीन." घरात तीन मुलं होतीच. तिन्ही माझी, पण सगळ्यात लहान तिच्याच कुशीत झोपायचा. एकत्र घरात तुझी-माझी करत नाहीत. खोटं बोलल्यासारखं मला वाटलंसुद्धा नाही.

तो कागद पाहून दोघींचीही पिशवी काढायचं ठरलं. दीर सही करून शेतावर परत गेला. मला बरं वाटलं. कापूस वेचून झाला होता. दोघींचं एकदम उरकलं तर घरून डबाही एकदाच येणार. पिशवी गेल्यावर मूल होत नाही हे मला कळत नव्हतं असं नाही. सहा वर्षांत झालं नाही ते आता काय होणार, जीव वाचला तर पुष्कळ, असा विचार मी केला. तिला विचारलं नाही.

ऑपरेशनच्या सकाळी शेजारच्या खाटेवर ती रडत बसली होती.

"काऊन रडून राह्यली वं?"

"जाऊबाई, माह्यी पिशवी राहू द्या ना."

"माह्या हातात हाय का ते? डॉक्टरीणबाईले सांग." मी तिला गप्प करायला म्हटलं.

डॉक्टरबाई फेरीवर आल्या तशी ती खाटेवरून उतरली. घरात मोठ्यांसमोर कधी आवाज न काढणारी ही बाई साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी बोलली, "बाई, ते तीन लेकरं जाऊबाईचे हायेत. मले एकबी नाई."

डॉक्टरबाईंनी आधी कागद पाहिला, मग मला. "हे कोणी सांगितलं?"

"म्या."

"तुम्ही सासू का हिच्या?"

"जाऊ हाय. मोठी."

"मग आपल्यापुरतंच बोलत जा. वय बघून, मुलं बघून ऑपरेशन ठरतं. तुमची पिशवी काढू. हिच्या पिशवीच्या तोंडाचा खराब भाग तेवढा कापला तरी चालेल. मात्र तपासायला येत राहावं लागेल." थांबून त्या म्हणाल्या, "मीही हिलाच विचारायला हवं होतं."

पलीकडच्या खाटेवरची म्हातारी मला म्हणाली, "चांगली झाडली वं तुले!"

झाडली ते बरंच झालं. धाकटी जाऊ आठवड्यात घरी गेली, मला जास्त दिवस लागले. पुढे तपासणीची एकही तारीख तिने चुकवली नाही. तिसऱ्या वर्षी दिवस राहिले. पिशवीचं कापलेलं तोंड कमजोर असतं म्हणून डॉक्टरबाईंनी तिथे टाका घातला आणि तिला जड काम बंद केलं. मी तिला विहिरीकडे फिरकू दिलं नाही. मुलगी झाली, महिनाभर आधीच, पण रडली जोरात.

मी आभार मानायला गेले तेव्हा डॉक्टरबाईंनी विचारलं, "जावेचे मानलेत का?"

जावेचे आभार मानायची आमच्याकडे पद्धत नाही. तरी घरी येऊन म्हटलं, "त्या दिवशी तू बोलली ते लय चांगलं केलं वं. मी त चुकलीच होती."

"राहू द्या ते," ती म्हणाली आणि पोरगी माझ्या हातात दिली. "हिले धरा जरा. मले आंघोळ कराची हाय."