शेवटच्या लिंकपर्यंत वाचणारा

तुरिल आक्स्नेस आमच्या कंपनीचं मासिक पत्र लिहायची. अजूनही लिहिते. पत्र म्हणजे ईमेलच, पण तिने त्याला कधी ईमेल म्हटलं नाही. आम्ही इथे नॉर्वेत, ओलेसुंडमध्ये जहाजांच्या देखभालीचं सॉफ्टवेअर बनवतो आणि ते फक्त जहाज कंपन्यांना विकतो. गिऱ्हाइकं मोजकी, आणि एकेक पटायला दीड-दोन वर्षं जातात. एवढ्या काळात ते नक्की कशामुळे पटलं, हे गिऱ्हाइकालाही धड सांगता येत नाही.

आमच्या मार्केटिंगच्या साहेबाला मात्र सांगता यायचं. हेन्निंग त्याचं नाव. तो आला तेव्हा बरोबर एक मोजणीची पद्धत घेऊन आला. करारावर सही होण्याआधी गिऱ्हाइकाने आमच्या ज्या गोष्टीवर शेवटचं क्लिक केलं, कराराचं सगळं श्रेय त्या गोष्टीचं. पत्रातली लिंक दाबली असेल तर श्रेय पत्राला. मी मदतीच्या फोनवर बसते, मला यातलं काय कळणार? पण वॅफलवर क्लिक करता येत नाही, एवढं मला त्या दिवशीच कळलं होतं.

वॅफल, म्हणजे साच्यात भाजलेले जाळीदार गोड घावन, ओडवारचे. ओडवार प्रदर्शनांत आमचा स्टॉल लावायचा. लांब दाढी, खर्जातला आवाज. तापलेल्या साच्यासमोर उभा राहून लोकांना खाऊ घालता घालता तो त्यांच्याशी इंजिनांबद्दल बोलत बसे. हेन्निंगच्या तक्त्यात त्याच्या नावापुढे कायम शून्य. तुरिलचा रकाना मात्र भरलेला, आणि त्यात सगळ्यात मोठा आकडा मोलोयच्या एका कंपनीचा.

मोलोयच्या त्या कंपनीत एगिल नावाचे खरेदीप्रमुख होते. तुरिलने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पण पत्र गेलं की पहिल्याच मिनिटात त्यांच्या पत्त्यावर ते उघडायचं, आणि वरपासून खालपर्यंत प्रत्येक लिंक दाबली जायची. शेवटचीसुद्धा. शेवटच्या लिंकपर्यंत दुसरं कुणी येत नसे.

"हा माणूस पत्र संपवतो, बेरित," ती मला जेवताना सांगायची. "नवराही माझं बोलणं कधी संपू द्यायचा नाही."

मग ती त्या शेवटच्या लिंकमागे मनापासून काहीतरी लिहू लागली. तिचे वडील मासेमारीच्या बोटीवर इंजिन सांभाळायचे. बंद पडलेल्या पंपाला ते कान कसा लावायचे, थंडीत तेल कसं घट्ट व्हायचं, असलं काहीबाही. कंपनीच्या कामाचं त्यात काही नव्हतं. ते एगिलसाठी होतं, आणि खूप चांगलं होतं.

गेल्या शरद ऋतूत हेन्निंगने सांगितलं की तुरिल आणि ओडवार या दोघांपैकी एकाची जागा जाणार, निकाल शुक्रवारी, आणि आकडे सांगतील तसं होईल. आकडे बघता तुरिलला धोका नव्हता. पण ती सत्तावन्न वर्षांची. आधीची नोकरी सुटल्यावर दीड वर्ष घरी बसून तिने नको ते दिवस काढले होते, त्यामुळे आकड्यांवर तिचा विश्वास बसेना. एगिलने आपल्यासाठी चार ओळी लिहून द्याव्यात असं तिला वाटलं. बुधवारी सुट्टी टाकून, गाडीत घरच्या लेफ्सांचा, म्हणजे बटाट्याच्या मऊ पोळ्यांचा, डबा ठेवून ती फेरीबोटीने खाडी ओलांडून मोलोयला गेली.

तिथे काय झालं ते तिने मला पुढे सांगितलं. एगिलना भेटायचंय म्हटल्यावर त्या कंपनीचे संगणक सांभाळणारा पन्नाशीचा एक गृहस्थ बाहेर आला.

"एगिल? ते वारले. तीन वर्षं झाली. इथेच, धक्क्यावर छातीत कळ आली."

"असं कसं? ते माझं पत्र वाचतात. गेल्या महिन्यातलंही वाचलंय."

तो हसला नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, "त्यांचा पत्ता आम्ही बंद केला नाही, जुनी बिलं अजून त्यावरच येतात. आणि बाहेरून येणारं प्रत्येक ईमेल आमच्याकडे आधी एक यंत्र उघडतं. त्यातली प्रत्येक लिंक दाबून बघतं, काही घातक नाही ना म्हणून. हल्ली सगळीकडेच असतं."

"पण सही झाली तेव्हा तर ते होते ना?"

"होते. यंत्रही होतंच. एगिलना ईमेलचा कंटाळा, ते आम्हाला वाचायला लावायचे. तुमचं सॉफ्टवेअर त्यांनी घेतलं ते त्या दाढीवाल्याच्या भरवशावर. बर्गनच्या प्रदर्शनात दिवसभर दोघं पंपांवर बोलत बसले होते. कसे आहेत ते?"

"बरे आहेत," तुरिल म्हणाली. लेफ्सांचा डबा तिने त्याच्याच हातात दिला आणि परत निघाली.

गुरुवारी सकाळी ती हेन्निंगच्या खोलीत गेली. सगळं सांगितलं. म्हणाली, माझे आकडे खोटे आहेत.

हेन्निंगने दार लावून घेतलं. "मला माहीत आहे, तुरिल. सगळ्यांच्याच आकड्यांत यंत्रं असतात. सगळेच ती मोजतात."

"मग ती काढून टाक."

"काढतो. तुझं पत्र शून्यावर येईल. ओडवार आधीच शून्यावर आहे. संचालक म्हणतील, दोघांनाही घालवा. तसं करू?"

तो थांबला, तिला पुरेसा वेळ दिला, आणि मग म्हणाला, "उद्या वॅफलच्या वेळी सांगतो सगळ्यांना."

दर शुक्रवारी ऑफिसात सगळ्यांसाठी वॅफल ओडवारच करायचा. त्या दिवशीही त्यानेच केले. हेन्निंगने त्याचे आभार मानले, फुलं दिली, तक्ता दाखवला. ओडवार तक्त्याकडे बघत राहिला आणि मग साचा पुसायला लागला. पुसता पुसता तुरिलला म्हणाला, "तुझे वाचक तरी आहेत, बाई. माझ्याकडे आलेल्यांनी नुसतं खाल्लं आणि तोंड पुसून गेले." त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. तो खरंच तसं मानून बसला होता. तीस वर्षांचं काम, आणि ते फुकट गेलं हे त्याला एका तक्त्याने पटवून दिलं.

तुरिल शेजारीच उभी होती, जॅमची बरणी हातात घेऊन. तिने बरणी टेबलावर ठेवली, एवढंच. तिला वाटलं, बोलले तर दोघंही जाऊ. ते खरंही होतं. पण त्याला खोलीबाहेर गाठून त्याच्या कानात एवढंसं सांगायला नोकरी जात नव्हती. पुढे सगळं कळलं तेव्हा याचा मला तिच्यावर राग आला, अजूनही आहे.

जानेवारीत एक दिवस तिने मला आपल्या जागेवर बोलावलं. पडद्यावर वाचकांची यादी होती, तळाशी एक नवा पत्ता. ओडवारचा, घरचा. त्याने स्वतःहून नाव नोंदवलं होतं. पत्र गेल्यावर तिसऱ्या दिवशी, सकाळचं सगळं आवरून झालं असेल तेव्हा, त्याने ते उघडलं होतं. मधलं काही दाबलं नव्हतं. फक्त शेवटची लिंक.

"हा यंत्र नाही," ती म्हणाली, आणि मग तिने मला मोलोयची सगळी हकीकत सांगितली.

त्याच्या नावापुढे हेन्निंगच्या पद्धतीने गुण दिले होते. घरचा पत्ता, कंपनी नाही, खरेदीची शक्यता नाही. शून्य. खाली प्रश्न होता, यादीतून काढायचं का. तुरिलने 'नाही' दाबलं.

"सांग त्याला," मी म्हणाले. "आज फोन कर."

"फोनवर मला जमणार नाही. त्याचा आवाज ऐकला की मी रडत बसेन."

"मग रड. पण सांग."

तिने फोन केला नाही. फेब्रुवारीच्या पत्रात, अगदी खालच्या लिंकमागे, तिने बर्गनचं प्रदर्शन लिहिलं. वॅफल, पंप, दिवसभर बसलेला एगिल, तो करार कुणामुळे झाला ते. आणि आपल्याला ते कधी कळलं तेही लिहिलं, बुधवारी, निकालाच्या दोन दिवस आधी. ते वगळता आलं असतं. तिने वगळलं नाही.

मोलोयला ते पहिल्या मिनिटात उघडलं, नेहमीसारखं सगळ्या लिंकांसकट. ओडवारने चौथ्या दिवशी उघडलं. शेवटच्या लिंकमागच्या पानावर तो बराच वेळ होता, दोनदा परत आला. तुरिल त्या दिवशी जेवली नाही, फोन समोर ठेवून बसली होती. फोन आला नाही. मार्चमध्ये तिने पत्र पाठवलं, एप्रिलमध्ये पाठवलं, शेवटच्या लिंकमागे दर वेळी काहीतरी लिहिलं.

ओडवारने त्यानंतर एकही पत्र उघडलेलं नाही. मोलोयला मात्र ते दर महिन्याला उघडतं, आणि हेन्निंग म्हणतो की यंदाही तिचे आकडे सगळ्यात चांगले आहेत.