मागचं वाचा, पुढचं वाचा

आठवड्यातून एकदा चार माणसं एकच पुस्तक घेऊन बसली, की किस्से आपोआप साठत जातात. माळ्यावर भांडी साठतात तसे. मुद्दाम कोणी आणत नाही, पण वर हात घातला की काहीतरी खणखणतंच.

निपाणीत शांतवन अण्णांच्या पुढच्या खोलीत दर गुरुवारी संध्याकाळी आमचं शास्त्रवाचन असतं. अण्णा निवृत्त शिक्षक. सोबत टेम्पो चालवणारा फिलिप, सुमनआक्का आणि मी. आक्कांचे मालक, येसुदास आप्पा, तंबाखूच्या वखारीत मुकादम होते. ते कधी यायचे नाहीत. "तुमी वाचा, मी घर राखतो," म्हणायचे.

आमच्यात वचन काढायची जुनी सवय आहे. अडचण आली की डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट ठेवायचं. बोटाखाली येईल ते देवाचं उत्तर. अण्णांना याची भयंकर चीड. "ओळ एकटी सापडली तर चुकलेलं पोर समजा," ते म्हणतात. "आधी तिचं घर शोधा. मागचं वाचा, पुढचं वाचा. मग कडेवर घ्या."

०

फिलिप मात्र प्रत्येक फेरीआधी वचन काढायचा. एकदा कागलला माल पोचवायचा होता आणि बोटाखाली आलं ते पाण्यानं रथ आणि स्वार गिळल्याचं. वाटेत वेदगंगेचा पूल. फिलिप किल्ली घेऊन थेट अण्णांकडे.

"मी काय जाईत न्हाय."

अण्णांनी त्याला मागची दोन पानं वाचायला लावली. "बुडाले ते कोण?"

"फारो राजाचं सैन्य. पाठलाग करणारं."

"तू कुणाचा पाठलाग करतोयस?"

"न्हाय बा."

"मग जा गप."

फिलिप गेला आणि सुखरूप परत आला. पण समोरचा चहा काही पिईना.

"पुलावर मागनं सारखा हॉर्न वाजत होता, अण्णा. बाजूला घेतली गाडी, तर कोण पुढं येईना. आरशात बघितलं तर रस्ता मोकळा." कप बाजूला सारून म्हणाला, "मी कुणाच्या मागं नव्हतो, ते खरं. माझ्या मागं कोण होतं?"

"बिस्कीट घे," अण्णा म्हणाले.

०

त्यानंतर काही महिन्यांनी अण्णा मंदिरातल्या लहान मुलाची गोष्ट वाचत होते. त्याला झोपेत नावानं हाक येते आणि तो उठून म्हाताऱ्या याजकाकडे पळतो. याजक म्हणतो, मी नाही बोलावलं बाळा, जा, झोप.

एवढ्यात खिडकीजवळ बसलेल्या आक्कांनी "ओ" दिली आणि त्या उभ्याच राहिल्या.

"काय झालं, आक्का?"

"कोण हाक मारलं?"

"कुणीच नाही."

फिलिप हसला. "आक्का, ती गोष्टीतली हाक."

"गोष्टीतल्याला सुमन म्हणून कशाला हाक मारतील रं?"

त्या चपला घालून घरी गेल्या. आप्पा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पडले होते. तसेच त्यांना बेळगावला दवाखान्यात नेलं. हृदयाचं दुखणं. वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले.

आप्पा शुद्धीवर आल्यावर आक्का म्हणाल्या, "हाक मारलासा म्हणून वाचलासा."

"मी कुठं हाक मारली? पाणी प्यायला उठलो, एवढंच आठवतंय." आप्पा बारीक आवाजात म्हणाले, "आणि तुला मी कधी नावानं हाक मारलोय काय गं?"

०

ऑपरेशन करावंच लागणार होतं. त्यांचा एकुलता मुलगा विल्सन बेळगावातच नोकरीला आहे. तो सही करायला निघाला. तेवढ्यात आक्कांनी व्हरांड्यातल्या बाकावर बसून वचन काढलं. एका आजारी राजाकडे संदेष्टा येतो आणि सांगतो, घराची व्यवस्था लाव, तू यातून उठणार नाहीस. नेमकं तेच आलं.

आक्कांनी मुलाच्या हातातलं पेन काढून घेतलं. "मरायचंच हाय तर घरात मरू दे."

अण्णा आणि मी नुकतेच बसनं पोचलो होतो. अण्णांनी काही समजावलं नाही. शेजारी बसले आणि म्हणाले, "पुढचं वाचा."

आक्का अडखळत वाचू लागल्या. राजानं भिंतीकडे तोंड फिरवलं. प्रार्थना केली, खूप रडला. मग देवानं संदेष्ट्याला अर्ध्या वाटेवरून परत पाठवलं, की जा, त्याला सांग, मी तुझे अश्रू पाहिले. पंधरा वर्षं वाढवून दिली.

आक्कांनी ते पुन्हा एकदा वाचलं आणि पेन विल्सनला परत दिलं.

मग आम्ही आप्पांना भेटायला आत गेलो. आप्पा भिंतीकडे तोंड करून रडत होते. त्यांना कुणी काही वाचून दाखवलं नव्हतं.

०

ऑपरेशन नीट पार पडलं. जेवायची परवानगी मिळाल्यावर आप्पांनी पहिलं काय मागितलं, तर अंजीर! जन्मात कधी अंजीर न खाल्लेला माणूस. विल्सन खडेबाजारातून घेऊन आला.

मी अण्णांना बाहेर बोलावलं. त्या राजाच्या दुखण्यावरही शेवटी अंजिराचाच लेप लावतात.

"तुम्ही सांगितलंत त्यांना?"

"नाही." अण्णांनी चष्मा पुसला. "संदर्भ पुस्तकातला बघायचा असतो. दवाखान्यात शोधायचा नसतो."

आम्ही आत आल्यावर आप्पांनी एक अंजीर पुढे केलं, तर ते अण्णांनी घेतलं नाही.

०

निपाणीला परतल्यावर आक्कांनी घराला रंग दिला. माळा रिकामा केला, कपाटं लावली, पितळेची भांडी चिंचेनं घासली. अण्णांनी सांगून पाहिलं, "आक्का, तिथं घराची व्यवस्था म्हणजे निरवानिरव. रंगकाम नव्हे."

"मरण मागं घेतलं देवानं. व्यवस्था कुठं मागं घेतली?" आक्का म्हणाल्या.

त्या दिवसांत आम्ही त्या राजाचीच गोष्ट क्रमानं वाचत होतो. एका गुरुवारी आप्पा पहिल्यांदाच बैठकीला आले. तब्येत छान सुधारली होती. चहा पिता पिता सांगू लागले.

"काल दोघं घरी आलते. फळांची करंडी घेऊन. आजारी होतासा, बरं झालासा असं कानावर आलं म्हणाले."

"कोण होते?" मी विचारलं.

"वळखीचे न्हाईत. लई लांबनं आलो म्हणाले. मला वाटलं, विल्सनच्या हापिसातले असतील."

"विल्सनला फोन केला," आक्का म्हणाल्या. "त्यानं कुणालाच पाठवलं न्हाय. मी नेमकी बाजारात होते."

"माणसं चांगली होती गं. नवा रंग बघून खूश झाली. विल्सनचा फोटो हातात घेऊन लई वेळ बघत बसली."

अण्णांनी खूण ठेवलेलं पान उघडलं, त्यावरून नजर फिरवली आणि पुस्तक मिटलं. "आज दुसरं काहीतरी वाचू."

"का? मधीच सोडायचं?"

"आजच्या दिवस, आक्का."

"मी दवाखान्यात बसून वाचलं की," आक्का म्हणाल्या. "तुमी घरात बसून भिताय?"

अण्णांनी पुस्तक पुन्हा उघडलं. राजा बरा झाल्याचं ऐकून दूरच्या देशातून माणसं येतात, भेटी घेऊन. राजाला आनंद होतो. तो त्यांना घरभर फिरवतो, सोनं, चांदी, भांडारं, सगळं उघडून दाखवतो.

फिलिपनं कप खाली ठेवला. पुढे काय आहे ते आम्हा तिघांना ठाऊक होतं. एक दिवस ते सगळं उचलून त्याच देशात नेलं जाणार असतं, राजाच्या पोरांसकट. आक्कांना तेवढं पुढचं आठवत नव्हतं. आप्पा तर ही गोष्ट पहिल्यांदाच ऐकत होते, मान डोलवत.

संदेष्टा राजासमोर येऊन उभा राहतो, तिथं अण्णांचा आवाज थांबला. बोट पानावर तसंच राहिलं.

आक्का आप्पांकडे वळल्या. हळूच म्हणाल्या, "त्यांनी आपल्या घरात काय काय बघितलं?"

"सगळं," आप्पा आनंदानं म्हणाले. "न दाखवलेलं घरात काय ठेवलंच न्हाय."

मी अण्णांच्या पुस्तकात डोकावलो. संदेष्ट्याचा तोच प्रश्न आणि राजाचं तेच उत्तर, दोन्ही ओळी त्यांच्या बोटाखाली होत्या. त्या अजून वाचायच्या होत्या.