हसवणारा रशियन

सातारा स्टँडवर लेकीला गाडीत बसवलं आणि कुठूनसा भाजक्या शेंगांचा वास आला. रहिमतपूरची एक दुपार आठवली.

काकी परातीत शेंगा फोडत होती. फौजेतून निवृत्त झालेले काका एका जुन्या रशियन नाटककाराची प्रेमावरची, संसारावरची वाक्यं वाचून दाखवत होते. काय वाक्यं होती ती! चिमटा काढायची आणि त्याच हातानं गोंजारायचीही. लग्नाची त्यानं उडवलेली टर ऐकून मी खो खो हसत होते.

काकीनं विचारलं, "आवं, त्येचं लगीन झालं हुतं का?"

"व्हय की. बायको लांब शहरात नाटकात काम करायची. ह्यो आजारी, समुद्राकाठी एकटाच."

"मग बराबर हाय. सुट्टी संपली की तुमीबी यष्टी सुटंपर्यंत आमास्नी लय हसवायचा."

काकांनी पुस्तक मिटलं आणि तिच्या परातीतल्या शेंगा फोडायला घेतल्या. रंगलेलं वाचन काकीनं बंद पाडलं म्हणून मी तेव्हा चिडले होते. आता त्याच वाक्यांवर हसता हसता मीही पुस्तक मिटते, एवढी त्या रशियनाची ताकद.

गाडी सुरू झाली. खिडकीतली लेक माझ्या कुठल्याशा विनोदावर अजून हसत होती. गाडी वळणाआड जाईपर्यंत मीही हसत राहिले.