उशिराची टाळी

बायको गेली तेव्हा घरात तिचे फोटो सतरा निघाले. आवाज एकही नाही. लग्नाबारशात कोणी मोबाइल समोर धरला की ती तोंडाला पदर लावून आत पळायची. सतरा फोटोंचं मी काय करू? फोटो काही मला चहाच्या वेळेला बोलत नाही, की चप्पल उंबऱ्यात सोडली म्हणून खेकसत नाही.

मग नातीचं लग्न ठरलं, हळदीची यादी निघाली आणि मला एकदम आठवलं. आवाज आहे. पेनड्राइव्हमध्ये आहे.

मी पिंपळगाव राजाच्या एका बँडात तीस वर्षं कीबोर्ड वाजवला. शाळा सातवीपर्यंत, तीही मास्तर कंटाळला म्हणून सुटली. पण पट्ट्या मला कोणी शिकवल्या नाहीत. पावसाळ्यात लग्नं नसायची, तेव्हा कीबोर्ड घरी दोन स्टुलांवर पडून असायचा. वाजवलेलं गाणं त्याच्यात साठवता यायचं, फ्लॉपीवर. पुढे कीबोर्ड दुसऱ्याला देऊन टाकला, तेव्हा मुलानं त्या सगळ्या फ्लॉप्या पेनड्राइव्हमध्ये भरून ठेवल्या.

अशाच एका श्रावणात बायको डाळ निवडत बसली होती आणि तिच्या माहेरचं, सुलतानपूरचं, हळदीचं गाणं गुणगुणत होती. त्या गाण्यात एकेका ओळीत एकेका नातेवाइकाचं नाव घ्यायचं असतं. मी म्हणालो, मोठ्यानं गा, मी वाजवतो, फ्लॉपीवर साठवून ठेवू. डाव्या टोकाच्या पट्टीवर टाळीचा आवाज लावून दिला आणि तिला म्हणालो, ही तू दाबायची. ती आधी गायची आणि मग तिला टाळीची आठवण व्हायची. त्यामुळे प्रत्येक टाळी उशिरा. मी वाजवायचा थांबलो तरी बाईनं आणखी तीन टाळ्या मारल्या.

"बावळट, गाणं संपलं ना," मी म्हणालो.

"तुमचं संपलं. माह्या तीन नणंदा राह्यल्या त्याचं काय? त्या रुसल्या तर तुमी समजावसान?"

नणंदा म्हणजे माझ्या तीन बहिणी. त्या रुसतात, हे खरं आहे.

तर ते गाणं नातीच्या हळदीत लावायचं, आजीचा आवाज मांडवात आणायचा, असं मी ठरवलं आणि दुपारी सुनेपुढे पेनड्राइव्ह ठेवला. सून शिवणकाम करते. ब्लाउजची डिझाइनं बघून बघून तिचा हात मोबाइलवर चांगला बसला आहे. तिनं बारकी पिन लावून पेनड्राइव्ह मोबाइलला जोडला. गाणं दिसलं, पण वाजेना.

"मामाजी, ही मिडी फाइल हाये. मोबाइल घेत नाही हिले. एमपीथ्री करून घ्या लागते."

"मंग कर."

"नेटवर होते. थांबा."

नेटवर एक चौकोन निघाला. त्यात फाइल टाकायची, चकरी फिरते, मग बदललेली फाइल खाली उतरवून घ्यायची. मोठं हिरवं बटण दिसलं. मी म्हणालो, दाब. तिनं दाबलं तर पोट कमी करायचा काढा निघाला.

"माह्या पोटाले काय झालं?" मी विचारलं.

"ते खोटं बटण हाये मामाजी. खरं बारकं असते, खाली."

खरं बटण खरोखर खाली कोपऱ्यात, मुंगीएवढं होतं. ते दाबलं आणि गाणं उतरलं. मी मोबाइल कानाला लावून बसलो. सूर माझेच होते, पण सनईच्या जागी पियानो, आणि टाळीच्या जागी डब्यावर चमचा आपटल्यासारखं टण् टण्. बायकोचा आवाज नाही.

मी म्हणालो, या साइटीनं आवाज खाल्ला. दुसरी पाह्य. दुसरीवर टाकलं, तेच. सून म्हणाली, वेव्ह करून पाहू, त्यात काहीच सुटत नाही, फाइलही मोठी असते. मला बरं वाटलं. मोठ्या फाइलीत माणूस मावेल. ती उतरायला बराच वेळ लागला. त्यातही टण् टण्.

तेवढ्यात आमच्या बँडाचा ढोलकीवाला आला. तो रोज याच वेळेला चहाला येतो आणि चुकून आलो असं दाखवतो.

"जय भीम. काय बे, सुनेले काऊन छळून राह्यला?"

मी सांगितलं. त्यानं चहा ओतलेली बशी तोंडापासून खाली घेतली.

"तिचा आवाज त्याच्यात गेला कुठून? माइक होता काय?"

"नोता."

"मंग? तीस वर्षं वाजवलं तूनं. त्या फ्लॉपीत आवाज जातच नाही, हे तुले मी सांगू?"

सुनेनं हळूच समजावलं. या फाइलीत आवाज नसतोच, मामाजी. कोणती पट्टी कधी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली, एवढंच लिहिलेलं असते. आवाज मागून ज्याचा त्यानं लावायचा.

मला हे माहीत होतं. बँडातल्या नव्या माणसांना मीच हे सांगायचो. पण बायको गेल्यावर माणसाला माहीत असलेलंही माहीत राहत नाही. मी उठून गोठ्याकडे गेलो. म्हशीला चारा टाकलेला होता, तरी पुन्हा टाकला.

आतून ते टण् टण् ऐकू येत होतं. ढोलकीवाला मांडीवर ठेका धरून बसला होता आणि त्याचा ठेका सारखा चुकत होता.

"हे टण् कोनं वाजवलं बे?" तो आतून ओरडला. "सम सोडून पडून राह्यलं."

मी चारा तिथंच टाकला आणि आत आलो. "पुन्हा लाव," मी सुनेला म्हणालो.

प्रत्येक टण् उशिरा. पहिले दोन बिचकत, हळू. मग जोरात, कारण मी तिच्यावर खेकसलो होतो, जोरात दाब म्हणून. माझे सूर थांबले आणि पुढे तीन टण्. एक, दोन, तीन. ते वाजवताना तिच्या मांडीवर डाळ निवडायचं सूप होतं.

"हे तुह्या सासूचं बोट हाये," मी सुनेला म्हणालो. ढोलकीवाल्यानं उगाच रिकामी बशी पुन्हा तोंडाला लावली.

सुनेला आणखी एक साइट सापडली. तिथं प्रत्येक पट्टीला हवं ते वाद्य लावता येत होतं. सनईच्या जागी सनई लावली, टाळीच्या जागी टाळी. तिथंच ताल सरळ करायचंही बटण होतं. ते दाबलं की मागेपुढे झालेलं सगळं जागच्या जागी बसतं म्हणे.

"दाब पोरी," ढोलकीवाला म्हणाला. "चार पाहुण्यांत इज्जत जाईन."

"हात लावशीन तर चहा बंद तुहा," मी म्हणालो.

हळदीच्या दिवशी सकाळी मांडवात ते गाणं लावलं. त्यात गाणारं कोणीच नव्हतं, म्हणून बाया गायला लागल्या, नवरीच्या काका-मामांची नावं घेत. पहिल्या दोन ओळींना त्यांची टाळी बरोबर पडली. मग स्पीकरमधल्या टाळीच्या नादानं सगळ्या जणी उशिरा वाजवायला लागल्या. ढोलकीवाला एकटा तालात होता. त्यानं दातओठ खात पाच-सहा ओळी लढवल्या आणि मग ढोलकी खाली ठेवली.

"मेल्यावर बी ऐकत नाही तुही बायको," तो माझ्या कानात म्हणाला.

सनई थांबली. बाया हात पुसायला लागल्या. मी ओरडलो, थांबा, आणखी तीन हायेत. पुढच्याच रांगेत माझ्या तिन्ही बहिणी हळदीच्या वाट्या घेऊन बसल्या होत्या. एकेका टाळीला मी एकेकीचं नाव घेतलं. माझ्या बेसूर आवाजात.

मधली म्हणाली, "माह्यं नाव धाकटीच्या मागून काऊन घेतलं?"

तिला समजावण्यात माझी ती सगळी सकाळ गेली.