आठ दिवसांचं पथ्य

आमच्या घरी साखरेची तपासणी म्हणजे परीक्षाच असायची. बाबा आष्टीला गणिताचे मास्तर होते, आणि निवृत्तीनंतर आम्ही बोरगाव मेघेत राहायला आलो तरी त्यांची ती खोड गेली नाही. रक्त द्यायची तारीख ठरली की आठ दिवस आधीपासून भात बंद, चहात साखर बंद, सकाळी मेथीचं पाणी, संध्याकाळी पायी फेरी. नवव्या दिवशी उपाशीपोटी रक्त द्यायचं आणि तिथूनच थेट तर्री पोहे आणि जिलबी खायला जायचं. पथ्याचा स्वयंपाक मी करायची आणि जिलबीही मीच मागवायची. रिपोर्ट नॉर्मल आला की बाबा तो शेजाऱ्यांना दाखवून यायचे. तीन महिन्यांची साखर सांगणारी तपासणी डॉक्टरांनी दोनदा लिहून दिली होती. "हे चांगलं आहे तं ते कशाले पाहिजे?" असं म्हणून बाबांनी दोन्ही वेळा चिठ्ठी खिशातच ठेवली. मी स्वतः शाळेत शिकवते. मला कळत नव्हतं असं नाही. पण घरात कटकट नको वाटायची, आणि रिपोर्ट हातात घेतलेला त्यांचा हसरा चेहरा मला फार आवडायचा. असं वर्षानुवर्षं चाललं.

मग त्यांना पेपरातली अक्षरं तुटक दिसू लागली. चष्म्याचा नंबर बदलूनही फरक पडेना, तेव्हा वर्ध्याच्या डोळ्यांच्या डॉक्टर बाईंनी डोळ्यातल्या पडद्याच्या रक्तवाहिन्या तपासायला बोलावलं.

"उपाशीपोटी या लागते काय?" बाबांचा पहिला प्रश्न.

"छे, जेवून या," बाई म्हणाल्या. "सुई नाही, टोचणं नाही. थेंब टाकायचे आणि कॅमेऱ्यात बघत बसायचं."

तरी बाबांनी आठ दिवस भात सोडलाच. आणि मी शहाणी, मुकाट्याने ज्वारीच्या भाकरी थापत राहिले.

त्या दिवशी बाबा यंत्रावर हनुवटी टेकवून बसले आणि त्यांच्या डोळ्यात उजेड लुकलुकायला लागला. मी बाजूच्या स्क्रीनवर पाहत होते. तांबूस गोळ्यावर झाडाच्या फांद्यांसारख्या बारीक रक्तवाहिन्या दिसत होत्या. बाई मला हळू आवाजात समजावत होत्या. उजेड लुकलुकला की डोळ्याला जास्त रक्त लागतं, म्हणून चांगली रक्तवाहिनी जराशी रुंद होते, आणि उजेड थांबला की पुन्हा पहिल्यासारखी होते. खाली एक आलेख सरकत होता. उजेड सुरू झाला की तो वर चढायला हवा होता. तो चढला नाही. दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदाही नाही. मी मनातल्या मनात म्हणत होते, चढ की, थोडा तरी चढ.

बाबा उठले ते खुशीतच. "पाह्यलं? डोळा जरासाही नाई हालू देला म्या. पास न मी?"

बाईंनी खुर्ची जवळ ओढली. "काका, ही आठ-पंधरा दिवसांची गोष्ट नाही. बरीच वर्षं साखर वाढलेली राहिली की असं होतं. पडद्यावर सूजही आहे. आहे ती नजर टिकवायचा प्रयत्न करू. गेलेली परत येईल असं मी म्हणणार नाही." मग माझ्याकडे पाहून त्यांनी विचारलं, "यांचं खाणंपिणं कोण बघतं?"

"मीच," मी म्हणाले.

"तिले काई नका म्हणू," बाबा घाईने बोलले. "मी सांगतो तसंच करते ते. पोरगी माही ऐकणारी आहे."

त्यांनी माझ्यावर रागवायला हवं होतं. त्यांनी माझी बाजू घेतली, आणि ते मला अजूनही सहन होत नाही.

इलाज झाले. पथ्यही आता बारा महिन्यांचं झालं. उजवा डोळा गेला, डाव्याला धुरकट तेवढं दिसतं. बाबा ते कबूल करत नाहीत. पेपर समोर धरून बसतात आणि कोणाची चाहूल लागली की पान उलटतात.

परवा शाळेला निघताना मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे, म्हणजे माझ्या जरा डावीकडे, नीट निरखून पाहिलं.

"हे पिवळी साडी खुलून दिसून राह्यली व तुले," ते म्हणाले.

मी गडद निळा पंजाबी ड्रेस घातला होता.

"हो बाबा," मी म्हणाले, "नवीनच आहे."