सत्कारातले फटाके

सीमेवरच्या एका उंच पोस्टवर मी सेक्शन कमांडर होतो. हुद्दा हवालदार. शिपाई दत्ता धारूरचा, मी पाटोद्याचा. दोघंही बीड जिल्ह्यातले, म्हणून त्याच्यावर माझा जरा जास्त हक्क. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चावर सज्ज राहणं, मग शस्त्रांची सफाई, चहा, ड्युटी. शेलिंग, म्हणजे तोफगोळ्यांचा मारा, सुरू झाल्यापासून दत्ताची झोप उडाली. चहाचा मग त्याच्या हातात ठरेना.

"उस्ताद, आज मला पुढं पाठवू नका," तो म्हणाला.

"भ्याला काय बे? गावाकडं सांगू का?"

तो पुढच्या मोर्चावर गेला. दुपारी शेल पडू लागले. मी वायरलेस सेटवर ओरडलो, "सगळे आडवे! हलू नका!" दत्ता उठला आणि मागं, बंकरकडं धावत सुटला. उघड्यावरच शेल लागून गेला.

गावाकडं मी सांगत आलो की तो शत्रूवर चालून गेला. दरवर्षी त्याच्या पुण्यतिथीला धारूरला फोटोसमोर हेच भाषण, वर फटाके.

मी रिटायर होऊन पाटोद्याला आलो होतो, तेव्हा मागे शेजारची शीतल घरी परतली. परदेशात डॉक्टरकी शिकत असताना तिथं युद्ध पेटलं आणि ती हॉस्टेलच्या तळघरात अडकली होती. गावानं सत्कार ठेवला. सत्कार म्हटला की आमच्याकडं हलगी आणि फटाके ठरलेले. माळ लावायला मीच सांगितलं. पहिल्याच आवाजाला शीतल शाल टाकून स्टेजवरच्या टेबलाखाली शिरली.

"डॉक्टरीनबाई लई भित्र्या हायेत बे!" कोणीतरी हसलं.

टेबलाखाली तिचे हात दिसत होते. दत्ताचे असेच थरथरायचे. मी माळ विझवायला लावली आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसलो.

"आबा, तुमी बी भ्यालते का कधी?" तिनं मला विचारलं.

"लई. पण ज्यानं तसं बोलून दाखवलं, त्याला मी गप केलं."

तिथंच तिला दत्ताची खरी हकिगत सांगितली.

"मंग तुमी त्यांना काय म्हणायला पाहिजे व्हतं?"

"आज राहू दे, एवढंच."

पुढं तिचे वर्ग ऑनलाइन सुरू झाले, पण ती लॅपटॉप उघडेना. घरचे म्हणत, नजर लागली. मी तिला एसटीनं बीडला मनोविकाराच्या डॉक्टरांकडं नेऊ लागलो. ती आत बोलायची, मी बाहेर बाकावर. आता ती वर्गाला बसते. दार मात्र उघडं ठेवते.

यंदा धारूरला मी फटाके नको म्हणालो. शीतल सोबत होती. दत्ताच्या थोरल्या भावाला सगळं सांगितलं, त्याची उडालेली झोपही.

"म्हंजे त्याला निस्ती झोप पाहिजे व्हती," तो म्हणाला.

"हो."

शीतलनं हार घातला. मी सॅल्यूट केला. भाषण केलं नाही.